पासष्ट, आणि तेही उतारावर

ज्याचा एकही मामा रेल्वेत नव्हता त्याचे बालपण पायी गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. माझा मामा भुसावळला फायरमन होता. आमच्या पुण्याच्या वाड्यात मी हे प्रथम जाहीर केले तेव्हा मुलांचा समज झाला की मामा आगीच्या बंबावर असतो. मी त्यांना समजावून सांगितले की बंबवाले आग विझवतात. माझा मामा आग पेटवतो आणि वर सरकार त्याला त्याचा पगार देते. त्या दिवसापासून वाड्यात माझा भाव वधारला.

मे महिन्यात आम्ही आजोळी जात असू. मे महिन्यात भुसावळला जाणे हे शहाण्या माणसाचे काम नव्हे, पण आजोळ काही निवडून मिळत नाही. मामाचे क्वार्टर इंजिनांच्या शेडपासून हाकेच्या अंतरावर. मामी अंगणात पापड वाळत घालायची आणि शेडमधली इंजिने त्यांवर काजळी भुरभुरवायची. पुण्याच्या पाहुण्यांना ते पापड मिऱ्याचे वाटत, आणि मामीनेही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही. मामा ड्यूटीवरून आला की आधी फक्त डोळे आणि दात घरात शिरायचे. बाकीचा मामा मोरीतून बाहेर पडायचा.

मामाचे इंजिन डब्ल्यू. पी. जातीचे. गोल, पुढे आलेले नाक, नाकावर चांदणी. ते फलाटात शिरले की आम्ही पोरे भिंतीला पाठ लावून उभे राहायचो आणि मामा वरून हात करायचा. पुढे मी साहेब पाहिले, मंत्री पाहिले, एकदा तर लांबून पंतप्रधान पाहिले. पण तो हात करण्यातला रुबाब पुन्हा दिसला नाही.

१९५८ च्या उन्हाळ्यात मामाने विक्रम केला. म्हणजे विक्रम हा शब्द माझा. मामाने फक्त जेवताना सांगितले, की रात्री रस्ता मोकळा होता, उतार लागला, हातातले फावडे जरा बाजूला ठेवायला फुरसत मिळाली, तेव्हा ड्रायव्हर म्हणाले, “घड्याळ काढ.” मामाने घड्याळ काढले, मैलाचा एक दगड ते पुढचा दगड मोजला. पंचावन्न सेकंद. गणित करून मामा म्हणाला, “ताशी पासष्ट मैल,” आणि आमटी वाढून घेतली.

पुण्याला परत येईपर्यंत पासष्टाचे सत्तर झाले होते. वाड्यात पोचल्यावर ऐंशी. शाळा सुरू झाली त्या दिवशी नव्वद आणि गणपतीपर्यंत मामाने शंभरी गाठली. यात माझा दोष आहे असे मला अजूनही वाटत नाही. गाडी एकदा सुटली की स्टेशने मागे पडणारच.

पण माझ्या दुर्दैवाने त्याच गणपतीत मामा पुण्याला आला. वाड्यातली सगळी पोरे भोवती जमली आणि एका आगाऊ पोराने विचारले, “मामा, तुम्ही शंभर मैलांनी गाडी नेलीत ना?” मी मामाला डोळ्यांनी सर्व प्रकारचे सिग्नल दिले. मामा आयुष्यभर सिग्नल पाहण्यात मुरलेला माणूस. पण माझा एकही सिग्नल त्याला दिसला नाही. तो शांतपणे म्हणाला, “पासष्ट. आणि तेही उतारावर. हाकत होते ड्रायव्हर, मी आपला कोळसा टाकत होतो.”

त्यानंतर दिवाळीपर्यंत मी मामाशी मनातल्या मनात बोलत नव्हतो. स्वतःचे पस्तीस मैल चारचौघांत असे फुकट सोडून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

निवृत्तीनंतर आमच्यासारख्यांना दोन मार्ग मोकळे असतात, अध्यात्म आणि इतिहास. अध्यात्मात पहाटे उठावे लागते, म्हणून मी इतिहास घेतला. आणि इतिहासातही राजेरजवाडे सोडून वाफेच्या इंजिनांचा. वेगाचे विक्रम करणाऱ्या इंजिनांविषयी मिळेल ते वाचत गेलो. मनात आशा अशी, की कुठेतरी मामापेक्षा माझ्या वळणाची माणसे भेटतील. भेटली. भरपूर भेटली. आणि शेवटी मामाही भेटला. तीच हकिगत सांगायची आहे.

या कुळाची सुरुवात १८२९ सालची. इंग्लंडात लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्यामध्ये लोहमार्ग तयार होत आला होता आणि त्यावर इंजिन कोणाचे घ्यायचे हे ठरवण्यासाठी रेनहिल येथे चक्क स्वयंवर मांडले होते. बक्षीस ५०० पौंड. उमेदवारांपैकी एकात वाफच नव्हती. फिरत्या पट्ट्यावर एक घोडा चालत होता आणि त्याच्या चालण्याने गाडी पुढे सरकत होती. तो घोडा विचाराने आपल्यापैकीच असावा. नवी पद्धत आली तरी चालायचे आपल्यालाच, हे त्याला पहिल्याच दिवशी कळले. स्वयंवरात जिंकले स्टीफन्सन पितापुत्रांचे ‘रॉकेट’. सर्वांत जास्त वेग ताशी सुमारे ३० मैल.

पुढच्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८३० ला, त्या मार्गाच्या उद्घाटनाच्या दिवशी विल्यम हस्किसन नावाचे खासदार रुळावर उतरले आणि ‘रॉकेट’खाली सापडले. जखमी हस्किसनना ‘नॉर्थम्ब्रियन’ नावाच्या इंजिनामागे घालून स्वतः जॉर्ज स्टीफन्सनने १५ मैल २५ मिनिटांत नेले असे सांगतात. म्हणजे ताशी ३६ मैल. त्या रात्री हस्किसन गेले. इतका वेग तोवर क्वचितच कोणी अनुभवला असेल, पण त्या दिवशी कोणाला तो मिरवायचा नव्हता. वाचता वाचता मी इथे जरा थांबलो होतो.

यानंतरचे विक्रम मात्र मिरवण्यासाठीच झाले. मी काढलेला निष्कर्ष असा, की विक्रमाला तीन गोष्टी लागतात. उतार, घड्याळ आणि शेजारी. पहिल्या दोन नसल्या तरी एक वेळ भागते, पण शेजारी हवाच. शेजाऱ्याने फ्रीज आणला नसता तर आपल्या किती घरांत तो आला असता? लंडनहून स्कॉटलंडला जाणारे दोन मार्ग होते, एक पूर्व किनाऱ्याने आणि एक पश्चिम किनाऱ्याने. दोन्हीकडच्या कंपन्यांना एकमेकींच्या घड्याळात डोकावण्याची खोड. १८९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रात्रीमागून रात्री शर्यती लावल्या. लंडन ते ॲबर्डीन ५४० मैल. पश्चिमवाल्यांनी ते ५१२ मिनिटांत कापले. रात्री आठला लंडनहून निघालेला प्रवासी पहाटे चार वाजून बत्तीस मिनिटांनी ॲबर्डीनच्या फलाटावर उभा. आता पहाटे साडेचारला ॲबर्डीनमध्ये माणसाने करायचे काय? पण कंपनीला प्रवाशाची घाई नव्हतीच, शेजाऱ्याची होती.

मग आली ९ मे १९०४. अमेरिकेहून बोटीने आलेली टपाल प्लिमथ बंदरातून लंडनला न्यायची होती आणि इथेही दोन कंपन्यांत चुरस. टपाल ग्रेट वेस्टर्न रेल्वेकडे, बोटीवरचे प्रवासी दुसरीकडे. ग्रेट वेस्टर्नचे इंजिन ‘सिटी ऑफ ट्रूरो’. गाडीत चार्ल्स राउस-मार्टेन नावाचे गृहस्थ घड्याळ घेऊन बसले होते. आगगाडीचा वेग मोजणे हाच त्यांचा छंद. बायकोने घराबाहेर काढलेली माणसे कुठे जातात ते मला यावरून कळले. सॉमरसेटमधल्या वेलिंग्टनच्या उतारावर त्यांनी पाव मैलाला ८.८ सेकंद मोजले. म्हणजे ताशी १०२.३ मैल! जगात पहिली शंभरी.

पण गंमत पुढेच आहे. कंपनी म्हणाली, हे छापू नका. प्रवासी घाबरतील. त्यामुळे राउस-मार्टेननी वृत्तान्त लिहिला, पण सगळ्यांत मोठा आकडा पोटात ठेवला. मला या माणसाचे फार वाईट वाटले. पोटात १०२.३ घेऊन हिंडायचे म्हणजे काय हाल! मी तर पासष्टसुद्धा पुण्यापर्यंत नीट आणू शकलो नव्हतो. पुढे त्यांनी तो सांगितला, पण कंपनीने अधिकृतपणे तो मान्य करायला १९२२ साल उजाडले. आणि इतके होऊनही तज्ज्ञांमध्ये वाद आहेच. एकच माणूस, हातातले एकच घड्याळ, पाव मैलाचे दगड. कंपनीच्या भीतीला मात्र कारण होते. १ जुलै १९०६ ला त्या दुसऱ्या कंपनीची बोटीच्या प्रवाशांची गाडी सॉल्सबरीच्या वळणावर भरधाव वेगात उलटली आणि २८ माणसे गेली. त्या वळणावर वेगाला ३० मैलांची मर्यादा होती.

माझ्या वळणाची माणसे मला खरी भेटली अमेरिकेत. तिथे १९०५ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या ७००२ क्रमांकाच्या इंजिनाने ३ मैल ८५ सेकंदांत कापले, म्हणजे ताशी १२७.१ मैल, असा दावा आहे. पुरावा काय? दोन सिग्नल केबिनमधल्या दोन निराळ्या माणसांनी आपापल्या घड्याळांत पाहिलेल्या वेळा. दोन घड्याळे एकच वेळ सांगतात असे आमच्या घरातही कधी घडलेले नाही. बरे, ते इंजिन नंतर भंगारात गेले. पुढे प्रदर्शनात मांडायला हवे म्हणून कंपनीने त्याच्यासारखेच दुसरे इंजिन घेतले आणि त्यावर ७००२ चा बिल्ला ठोकला. ते आजही संग्रहालयात उभे आहे. हे वाचले आणि मला गहिवरून आले. वाड्यात मी एकटाच नव्हतो तर!

१९३० नंतर मोटारी आणि विमाने आली, तशी रेल्वे कंपन्यांना वेगाची जाहिरात करणे भाग पडले. जर्मनीत १९३३ साली हँबुर्ग ते बर्लिन डिझेलवर धावणारी गाडी सुरू झाली. १९३४ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे मुख्य अभियंता नायजेल ग्रेस्ली तिच्यात बसून आले आणि परत येऊन म्हणाले, हेच आपण वाफेवर करू. त्यांच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ इंजिनाने ३० नोव्हेंबर १९३४ ला शंभर मैलांचा वेग गाठला. या वेळी गाडीला वेग मोजणाऱ्या यंत्रांचा खास डबा जोडला होता. कागदाची गुंडाळी फिरत होती आणि सुई त्यावर रेघ ओढत होती. म्हणजे ज्यावर वाद घालता येणार नाही अशी ही पहिली शंभरी. पुढच्या वर्षी ‘पपायरस’ १०८, मग ‘सिल्व्हर लिंक’ ११२.५.

जर्मन माणसे स्वस्थ बसणारी नव्हेत. ११ मे १९३६ ला त्यांच्या ०५ ००२ या इंजिनाने ताशी २००.४ किलोमीटर गाठले. २ मीटर ३० सेंटिमीटर व्यासाची चाके, दारूच्या रंगाचे अंगभर कवच, आणि रस्ता जवळजवळ सपाट. उताराची मदत नाही! मैलांत हा आकडा साडेचोवीसावर शंभर. त्यांनी इंजिनाला साधे नावही ठेवले नव्हते, नुसता नंबर. हे म्हणजे शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलासारखे झाले. त्याचे कौतुक होते, पण त्याला डबा खायला कोणी बोलावत नाही.

तोवर इंग्लंडमध्ये पश्चिमवाल्या शेजाऱ्याच्या पोटात दुखू लागले होते. २९ जून १९३७ ला त्यांनी ‘कॉरोनेशन’ नावाचे नवे इंजिन काढले आणि वार्ताहरांना बसवून क्रूच्या दिशेने पिटाळले. पूर्ववाल्यांचा तेव्हाचा इंग्लंडातला उच्चांक ११३ मैल होता. शेजाऱ्याने किती जाहीर केला असेल? बरोबर, ११४! गाडीतल्या काही घड्याळांना तो एक मैल सापडलाच नाही, पण कंपनीला सापडला. मात्र या भानगडीत क्रू स्टेशन फार जवळ आले. तिथे रूळ बदलताना ताशी २० मैलांची मर्यादा होती. ब्रेक करकचून दाबूनही गाडी शिरली ५७ मैलांनी. माणसे वाचली, इंजिन वाचले, पण स्वयंपाकाच्या डब्यातल्या कपबशा आणि ताटल्यांचा चुराडा झाला. स्वयंपाकघरात हे सर्व घडत असताना त्या आचाऱ्याने वेगाविषयी काय उद्गार काढले असतील, त्यांची नोंद घेणारा डबा मात्र कोणी जोडला नव्हता.

आणि आता ३ जुलै १९३८, रविवार. ग्रेस्लींना पक्ष्यांचे वेड. त्यांच्या या जातीच्या अनेक इंजिनांना पक्ष्यांची नावे आहेत. हे ‘मॅलार्ड’ म्हणजे रानबदक. निळे, वाऱ्याला कापत जाणारे उतरते तोंड, मागे यंत्रांच्या डब्यासह सात डबे, वजन सुमारे २४० टन. बाहेर सांगितले होते, ब्रेकची चाचणी आहे. जाताना खरोखरच ब्रेकची चाचणी झाली. परतीच्या वेळी मात्र ब्रेकच्या तंत्रज्ञांना खरे काय ते सांगितले आणि भीती वाटत असेल तर टॅक्सीची सोय करू म्हणाले. एकही जण उतरला नाही. टॅक्सी फुकट असूनही उतरला नाही, हे आपल्याकडे कोणाला पटायचे नाही.

ड्रायव्हर जो डडिंग्टन, वय ६१. फायरमन टॉमी ब्रे. ग्रँथमपाशी रुळांचे काम चालू असल्यामुळे गाडी २४ मैलांवर आणावी लागली. म्हणजे विक्रमाची सुरुवात बैलगाडीने. तिथून चढ. चढावर ब्रेने जी भट्टी धडाडून ठेवली तिच्या जोरावर स्टोकच्या माथ्यावर गाडी ७४ मैलांवर पोचली होती. मग उतार. साधारण दोनशे फुटांना एक फूट असा. एकेका मैलाला आकडा चढत गेला. ८७, ९६, १०४, १०७, १११, ११६, ११९. दोन मीटर व्यासाची चाके सेकंदाला जवळजवळ नऊ फेरे घेत होती. लिटल बायथम स्टेशन मागे पडले आणि कागदावरची रेघ सव्वाशेला टेकली. क्षणभर, अगदी क्षणभर, १२६.

आणि मग वळण आले, ब्रेक लागले आणि इंजिनाचे पोट बिघडले. ग्रेस्लींच्या या इंजिनांना तीन सिलिंडर. बाहेरच्या दोघांना वाफ आतबाहेर सोडणारी स्वतःची यंत्रणा. मधल्याला मात्र स्वतःची नाही, बाहेरच्या दोघांच्या हालचालीवरून त्याची हालचाल ठरायची. वेग अतोनात वाढला की मधल्याच्या वाट्याला नेमून दिल्यापेक्षा जास्त काम यायचे. एकत्र कुटुंबातल्या मधल्या सुनेला हे लगेच कळेल. म्हणून मधल्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये एक कुपी बसवलेली असे. बेअरिंग तापले की कुपी फुटावी आणि बडीशेपेसारखा वास सुटावा. आपल्याकडे बडीशेप आली की जेवण आटोपले. तिथेही अर्थ तोच. मॅलार्डचे मधले बेअरिंग तापले आणि जगातले सर्वांत वेगवान इंजिन पीटरबरोला गाडी सोडून रिटायर झाले. तीच गाडी पुढे लंडनला नेली ती एका जुन्या, साध्या इंजिनाने. त्या म्हाताऱ्याचा फोटो कुठे लागलेला नाही.

आता मामा. कंपनीची माणसे म्हणू लागली, १२६ झाले. कागदावर रेघ आहे, खोटे तर काही नाही. पण ग्रेस्लींनी ते कधी मानले नाही. क्षणभर उसळलेली सुई म्हणजे वेग नव्हे. आपला दावा १२५ चा. लक्षात घ्या, जर्मनांचा आकडा साडेचोवीसावर शंभर. म्हणजे ग्रेस्लींच्या हिशेबाने त्यांची आघाडी उरते जेमतेम अर्ध्या मैलाची. शेजारी ११३ चे ११४ करून बसलेला, अमेरिकेत इंजिनच बदललेले, आणि हा माणूस स्वतःच्या कागदावर उमटलेला मैल सोडून देतो! निःसंशय विक्रम व्हावा म्हणून १९३९ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्रयत्न करायचा त्यांचा विचार होता. त्या सप्टेंबरात जगाला दुसरेच काम निघाले. १९४१ च्या एप्रिलमध्ये ग्रेस्ली गेले. १९४८ साली मॅलार्डच्या अंगावर विक्रमाची पाटी बसवली, तिच्यावर १२६. पाटी लावणारे सगळे माझ्याच वाड्यातले असावेत.

हे वाचले त्या रात्री मला १९५८ चा गणपती आठवला. मामा जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. पंचावन्न सेकंदांचे गणित नीट केले तर ६५.४५ येते. मामाने ते ४५ सुद्धा सोडून दिले होते.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे इंग्लंडला गेलो तेव्हा हट्टाने यॉर्कचे रेल्वे संग्रहालय पाहायला गेलो. बरोबर नऊ वर्षांचा नातू. मॅलार्ड तिथे उभे आहे, निळे, स्वच्छ, थंडगार. अंगावर काजळीचा कण नाही. मामी असती तर तिथे पापड घातले असते. मी भट्टीच्या तोंडाशी उभा राहून टॉमी ब्रे कुठे उभा राहिला असेल, फावडे कसे वळवले असेल ते पाहत होतो. एवढ्या जागेत, हलत्या जमिनीवर, एका माणसाने. वेग कागदावर उमटतो, पण तो आधी कोणाच्या तरी पाठीतून निघतो, हे मामाच्या मोरीतले काळे पाणी पाहूनही मला कळले नव्हते.

नातवाने पाटी वाचली आणि ओरडला, “आजोबा, एकशे सव्वीस!”

“सव्वाशे,” मी म्हणालो. “आणि तेही उतारावर. हाकत होता डडिंग्टन आणि कोळसा टाकत होता टॉमी ब्रे.”

त्याने माझ्याकडे मी मामाकडे पाहिले होते त्याच नजरेने पाहिले. संध्याकाळी तो मित्राला फोनवर सांगत होता, “दोनशे! दोनशेच्या वर!” मी ताडकन उठलो. घराण्याचा रोग, आताच औषध करायला हवे. तोंड उघडणार तेवढ्यात मनात गणित झाले. सव्वाशे मैल म्हणजे २०१ किलोमीटर. कारटे बरोबर होते.

मी पुन्हा खाली बसलो आणि एवढेच म्हणालो, “उतार होता, तेही सांग त्याला.”